डावीकडचं दार

"बाबा, त्या दाराकडे बघणं बंद करा. मान आखडेल."

"मी घड्याळ बघतोय."

"घड्याळ मागच्या भिंतीवर आहे," ट्विला म्हणाली आणि बापाच्या कोटाची कॉलर तिसऱ्यांदा सारखी केली.

लॉरेल गॅपच्या शाळेच्या हॉलमध्ये मधोमध रिंग बांधली होती. भोवती दोनशे वीस खुर्च्या. भरलेल्या एकशे नव्वद, आणि त्यातले निम्मे लोक काठी टेकत आलेले. शनिवारची दुपार, उकडलेल्या शेंगांचा वास, वर कापडी फलक: 'बर्चफील्ड बंधूंचा सत्कार'. बंधू दोन, हजर एक. खरं म्हणजे ते बंधूही नव्हते. ओडेल तेवढा बर्चफील्ड. व्हर्नल मूळचा स्लूडर. पण नऊ वर्षं दोघे एकाच आईची शपथ घेत जोडीने कुस्त्या खेळले आणि टेनेसीच्या डोंगरात कुणी शंका काढली नाही.

हॉलला दोन दारं. इथल्या कुस्त्या नाटकासारख्या आधी ठरवलेल्या: उजव्या दाराने सज्जन मल्ल यायचे, डाव्या दाराने दुर्जन. ओडेल डावीकडे बघत होता.

पस्तीस वर्षांपूर्वी इथेच व्हर्नलने पाठमोऱ्या ओडेलच्या डोक्यात लोखंडी घडीची खुर्ची घातली होती. ठरवून. कुस्त्या भरवणाऱ्या मिस्टर टीगनीच तो दगा आखून दिलेला. "आजपासून तुम्ही वैरी," त्यांनी बजावलं, "मी सांगेपर्यंत चारचौघांत एका टेबलावर कॉफीसुद्धा प्यायची नाही." आणि तीन आठवड्यांनी टीग हृदय बंद पडून गेले. वैर मिटलं हे सांगायचं राहूनच गेलं. दोघे धंद्याला इमानी. ओडेलची बायको मार्जरी वारली तेव्हा व्हर्नल दफनभूमीसमोर, रस्त्यापलीकडे आपल्या ट्रकमध्ये टोपी काढून बसला होता. ओडेलने पाहिलं. लोक होते, म्हणून त्याच्याकडे गेला नाही.

म्हणजे, तो तसं म्हणायचा. खरं कारण वेगळं होतं. खुर्ची सपाट लागायची ठरली होती, लागली कडेने. सात टाके. घाईत हात फिरला, की फिरवला? ओडेल पस्तीस वर्षं रोज दाढी करताना कानामागचा तो व्रण चाचपायचा. आत्ताही चाचपत होता.

"आला का तो साप?" पहिल्या रांगेतून मिस लॉटी ओगलने विचारलं. वय एक्याण्णव. त्या दग्यानंतर तिने टोपीची पिन व्हर्नलच्या मांडीत खुपसली होती. तेव्हापासून तिला पिन दाराशी काढून ठेवायला लावत. आज कुणी विचारलं नव्हतं.

"अजून नाही, मिस लॉटी."

"येईल, येईल. फुकटच्या टाळ्या सोडतोय होय तो!"

सत्काराचं सूत्रसंचालन करणारा रँडल माईक घेऊन रिंगमधून खाली वाकला. "ओडेलकाका, करू का सुरू? तुमच्या एकट्याचाच करू सत्कार."

"दहा मिनिटं थांब."

"तुमची दहा मिनिटं दोनदा झाली."

ओडेल उठला, बसला, पुन्हा उठला. तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं.

व्हर्नल वाळून निम्मा झाला होता. एका गुडघ्याला पट्टा, अंगात त्या काळातलंच काळं जाकीट, आता दोन माणसं मावतील असं. एकशे नव्वद म्हाताऱ्या गळ्यांनी एकदम हुर्यो केली. त्याने दोन्ही हात पसरून ती अंगावर घेतली. चेहरा असा उजळला, जणू सत्कार हाच.

दोघे रिंगमध्ये चढले. एकाला ट्विलाने ढकललं, एकाला रँडलने ओढलं. कोपऱ्यातल्या खांबाला दोन लोखंडी खुर्च्या घडी करून टेकवलेल्या होत्या. मांडायच्या राहून गेल्या होत्या.

"चला, हात मिळवा आता!" रँडल म्हणाला.

कुणाचाच हात उठला नाही.

"खबरदार, ओडेल!" मिस लॉटी उभी राहिली. "डोकं फोडलंय त्याने तुझं! मी होते इथे!" हॉल गरजला. तिने टोपीतली पिन उपसली होती.

ओठ न हलवता बोलणं ही रिंगमधली जुनी विद्या. दोघे एकमेकांकडे खुनशी नजरेने बघत राहिले आणि बोलू लागले.

"म्हातारा झालास," व्हर्नल म्हणाला.

"तू काय कोवळा राहिलास?"

"मार्जरीच्या वेळी आलो होतो मी."

"बघितलं." ओडेलला धाप लागली होती. "कडेने का मारलीस, व्हर्नल?"

लोक ओरडतच होते.

"पाठ फिरव," व्हर्नल म्हणाला.

ओडेलने त्याच्याकडे पाहिलं. मग वळला. उजव्या दाराकडे तोंड करून, हात मोकळे सोडून उभा राहिला. मागे पट्ट्याचा गुडघा कुरकुरला. मग लोखंड खांबावर घासल्याचा आवाज आला. तो आवाज त्याने झोपेतसुद्धा ओळखला असता.

"मागे बघ!" माणसं उठून ओरडू लागली. "ओडेल, मागे बघ!" ट्विलाने रिंगचा दोर धरला. "बाबा!"

कानामागचा व्रण ठणकत होता. ओडेलने हात वर नेला नाही.

खट्. पाठोपाठ उलगडलेल्या खुर्चीचे चार पाय रिंगच्या कॅनव्हासवर टेकल्याचा आवाज.

मिस लॉटीची पिन हवेतच राहिली.

ओडेलने मागे न बघताच बूड टेकलं.