डाव्या कोपऱ्यातली आत्या

"यंत्र तुझ्याच डोक्यातून बचावपटू घडवतं," कबड्डी लीगच्या नलवडे मॅडम म्हणाल्या. "तू ज्यांना सगळ्यात जास्त घाबरतोस, तेच समोर येतील. त्यांना चुकवलंस, तर लीगमध्ये जागा पक्की."

कॉलेजचा हुकमी चढाईपटू धैर्यशील हसला. आपण कुणाच्या बापाला घाबरत नाही, अशी त्याची खात्री होती. मांडीवर थाप मारून तो "कबड्डी, कबड्डी" करत पलीकडे घुसला.

मैदानातून सहा आडदांड रबरी पैलवान वर आले. तो त्यांच्यातून सटासट निसटला. मग डाव्या कोपऱ्यात सातवी आकृती उगवली. पदर खोचलेली हुबेहूब इंदुआत्या!

सवयीनं तो वाकून पाया पडला. स्पर्श झाला होता. आता नुसतं रेषेपर्यंत परतलं, की गुण त्याचाच होता. पण आत्यानं रबरी हातानं त्याचा कान धरला.

"जेवलास का रे?"

"हो, आत्या," धैर्यशील म्हणाला आणि तिथंच त्याचा दम तुटला. शिट्टी वाजली. बाद.

"मॅडम, अजून एक संधी द्या ना," तो कान चोळत म्हणाला.

"तुझं नंतर बघू," मॅडमनी घाईघाईनं मोबाइल काढला. "आधी आत्यांचा नंबर दे."