काटेसाहेबांचं घर

बायकोला मूठमाती देऊन काटेसाहेब परतले, तेव्हा दुपार कलली होती. तरी पेठेतलं एकही दुकान उघडलं नव्हतं. मुलीचा हात धरून ते त्या मुक्या रस्त्यानं घरी आले आणि दारातच थबकले.

"पाहिलंस? ज्यांना आयुष्यभर धाकात ठेवलं, ते झाडून सगळे आले."

"आईसाठी आले, बाबा," मुलगी म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक. तराजूचा काटा केसभर सरकला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची, म्हणून दुकानदारांनी ठेवलेलं ते नाव. पुढे पोस्टमनही तीच हाक मारू लागला.

ते इथे नव्यानं आले, तेव्हा पेठेत लुबाडणुकीला धरबंध नव्हता. पारड्याखाली लोहचुंबक, आतून पोकरलेली वजनं, बूड ठोकून वर आणलेली तेलाची मापं. साहेबांनी आल्या आल्या खटल्यांचा सपाटा लावला. मग त्यांचं लग्न झालं, संसार सुरू झाला, आणि हळूहळू पेठही वठणीवर आली. कुठल्याही दुकानात शिरा, काटा बरोबर मध्यावर. वरिष्ठ म्हणायचे, "तुमच्या नुसत्या दराऱ्यानं माणसं सुधारली." साहेब वरवर संकोचायचे, पण आतून सुखावायचे.

फुकटची काडी त्यांनी घरात येऊ दिली नाही. एकदा कुणी दारात फळांची करंडी ठेवून गेलं. साहेबांनी ती स्वतः खांद्यावर घेतली आणि भर बाजारातून ज्याची त्याला परत करून आले. रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर ते मुलीला जवळ बसवत आणि शास्त्र समजावून सांगत. खोट्या मापाचा देवाला कसा वीट येतो, लबाडीनं आलेलं धन शेवटच्या घटकेला कसं पाठ फिरवतं. बायको शिवणयंत्राशी बसलेली असायची. ती ऐकायची की नाही कोण जाणे, पण यंत्र थांबायचं नाही.

बोलणं तिचं बेताचंच. रात्री ताट वाढताना मात्र न चुकता विचारायची, "उद्या कुठल्या गल्लीत?" लांबची गल्ली असली की सकाळी डबा, जवळची असली की दुपारचं जेवण घरी. इतकी वर्षं आपल्या पोटाची अशी काळजी वाहणारं माणूस मिळालं, याचं साहेबांना मोठं अप्रूप होतं.

तिच्या काटकसरीचं त्याहून जास्त. त्यांच्या पगारात मुलगी डॉक्टर होणं कठीणच होतं. पण फी भरायची वेळ आली की बायको कपाटातून शिवणाचे पैसे काढून हातावर ठेवायची. "तुझ्या सुईत सोन्याचा दोरा आहे की काय गं?" साहेब एकदा थट्टेनं म्हणाले होते. ती हसली नव्हती.

आता सगळ्यात जास्त टोचत होती ती मागच्या आठवड्यातली गोष्ट. अंथरुणात तिनं त्यांचा हात घट्ट धरला होता.

"अहो, एक सांगायचं राहिलंय. ऐकून घ्याल?"

साहेबांना वाटलं, राहून गेलेल्या हौशीमौजीचं बोलणार. ते ऐकायची त्यांची छाती झाली नाही.

"नको बोलूस. मला सगळं कळतं. माझ्या तत्त्वांपायी तुझी फार ओढाताण झाली. मला माफ कर."

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिनं भिंतीकडे तोंड वळवलं. साहेब बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. उशी भिजली होती. त्यानंतर ती फारशी बोललीच नाही.

आज पाळकांनी कबरीपाशी सांगितलं, या बाईच्या उंबरठ्याच्या आत खोटं माप कधी आलं नाही. ते ऐकताना साहेबांना हुंदका आवरला नव्हता.

संध्याकाळपर्यंत माणसांची ये-जा सुरू होती. मग एकेक करत सगळे उठले. तेलाचा व्यापारी तेवढा खुर्चीत बसून राहिला. त्याचे डोळे सुजले होते. पेठेतला पहिला दंड साहेबांनी याच्याच वडिलांना ठोकला होता.

"शेठ, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. तुमच्या वडिलांना मी..."

"ते जुनं झालं, साहेब. पुढचं सगळं वहिनींनी सांभाळून घेतलं."

"तिचा स्वभावच तसा."

"पेठेतलं एक दुकान सांगा, जे त्यांनी सांभाळलं नाही. आज सगळे पोरके झालो." त्यानं बाहीनं डोळे टिपले.

साहेबांना नवल वाटलं. ती कुणाकुणाच्या सुखदुःखाला धावून जात होती, हे आपल्याला आज परक्याच्या तोंडून कळावं!

"माझ्यामुळे फार सोसलं तिनं," ते म्हणाले. "वरचा एक पैसा कधी दिसला नाही तिला."

व्यापाऱ्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग आतल्या खोलीकडे नजर टाकली. तिथून मुलीच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. काहीतरी उमगल्यासारखी त्यानं मान हलवली, उठून हलकेच दार लोटलं आणि खुर्ची साहेबांजवळ ओढली.

"आजच्या दिवशी विचारू नये, साहेब, पण सगळ्यांनी मलाच पुढे केलंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमचा दर महिन्याचा हप्ता वहिनी घ्यायच्या. तो आता कुणाकडे द्यायचा?"