ऊन न पाहिलेला बोकड

त्यानं पहिला घास तोंडात टाकला आणि बायकोनं श्वास रोखून धरला.

खाटकाची जीभ ती. बाजारात तिची ख्याती अशी, की एका घासात तो बोकडाचं वय सांगे, चारा सांगे, स्वभावसुद्धा सांगे. एकदा तर म्हणे त्यानं मटण चाखून बोकडाच्या मालकाला कावीळ झालीय असं सांगितलं, आणि खरंच निघाली! अशा जिभेपुढे आज तिनं मटण म्हणून चक्क मशरूम वाढले होते.

तो चावत राहिला. बराच वेळ.

"कोवळा दिसतोय," तो म्हणाला. "जन्मात ऊन पाहिलेलं नाही यानं."

तिनं श्वास सोडला. फडताळातली झाकणं हलली एवढा.

करणार काय? डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, काका, साखर काठावर आलीय. हा म्हणाला, मी गोडाला शिवतही नाही. त्या म्हणाल्या, नुसत्या गोडाचंच नाही हो, रोज लाल मांस खाणाऱ्यांतही हा मधुमेह जास्त दिसतो. निम्म्याच्या वर कमी करा, भाज्या-कडधान्यं वाढवा. झालं! हा ताडकन उठला. "खाटकानंच मांस सोडलं, तर गिऱ्हाइकानं कुणाच्या तोंडाकडे बघून घ्यायचं?"

तिच्या थोरल्या दिरांचा पाय साखरेनं नेला होता. त्यांच्या दारात जोडीतली एक चप्पल झिजून गेलेली, दुसरी कोरी. ती कोरी चप्पल तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि हा तर दिवसभर उभं राहून सुरी चालवणारा माणूस.

मग तिनं डाव टाकला. तो रोज दुकानातून पाव किलो मटण कागदात बांधून आणायचा. ते ती छोट्या पातेल्यात शिजवायची, घरात वास सुटावा म्हणून. मोठ्या पातेल्यात तोच मसाला, पण आत कधी मशरूम, कधी घेवड्याचे दाणे. घेवड्याच्या दिवशी तो म्हणाला, "हा बोकड आणि याची चार भावंडं एकाच अंथरुणात वाढलेली दिसतात." ती आत पळाली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून हसली. एवढी नावाजलेली जीभ, आणि कशी चकवली!

सहा महिने गेले. त्याच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. तिचे कपडे मात्र अंगाला घट्ट व्हायला लागले. "हल्लीचा साबणच मेला वाईट," ती म्हणायची. "कपडे आटवतो."

डॉक्टरीणबाईंनी या खेपेला दोघांचंही रक्त घेतलं. आल्याच आहात काकू, तर तुमचंही बघू, म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांच्या टेबलावर दोन कागद होते.

"काका, कमाल केलीत. साखर एकदम जागेवर!"

ती गालात हसत छताकडे बघत राहिली. कुणाची कमाल, ते तिला ठाऊक होतं.

"आणि काकू, हा तुमचा." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुमची काठावर आलीय. सहा महिन्यांपूर्वी काका होते, अगदी तिथंच. खाता काय तुम्ही?"

ती पदराशी चाळा करत बसली. मग एकदम म्हणाली, "टाकायचं कसं हो? रोज पाव किलो! ह्यांनी स्वतःच्या हातानं निवडून, कापून आणलेलं. जिवावर यायचं माझ्या."

खाटीक तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, मला वाटलं मांजरांना घालतेस!"

मांजरांना? तिनं मान वर केली. हा हसत होता, पोट धरून.

"उद्यापासून चूल माझ्याकडे," तो तिचा हात धरून उठवत म्हणाला. "मी वाढीन ते मटण समजून मुकाट्यानं खायचं. आणि वर बोकडाचं कौतुकही करायचं. सहा महिने मी केलंच की नाही?"