सुटलेला माणूस

अपिलात फक्त कागद बोलतात, आरोपी कोर्टात नसतोच. त्यामुळे जन्मठेपेतून सोडवलेला एकही माणूस ॲडव्होकेट भुवनेश्वर बिसेन यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

बायको गेल्यावर घर खायला उठू लागलं. एका शुक्रवारी ते नागपूरच्या हायकोर्टातून काळ्या कोटातच निघाले आणि सालेकशाजवळच्या एका गावात पोचले. आठ वर्षं जेलात काढून त्यांच्याच अपिलावर निर्दोष सुटलेला झाडू मडावी अंगणात बसला होता.

"झाडू, मी हायकोर्टातला वकील. तुझ्यासाठीच आलोय."

झाडू उठून आत गेला, काखेत चादर मारून बाहेर आला आणि बायकोला म्हणाला,

"मंगले, यंदाचा धान तूच कापजो. मी पुन्हा जाऊन राहिलो."