भिकीचं दुखणं

"प्लॉट यांना, नळ यांना, आता डॉक्टरपण आधी यांनाच," बाकावरची बायजी शेजारणीच्या कानात पुटपुटली. कान शेजारणीचा होता, आवाज मात्र सगळ्या व्हरांड्याला पुरेल एवढा.

सुषमा ऐकून न ऐकल्यासारखी बसली. तिची सासू भिकी भिंतीला टेकून पेंगत होती. उधव्याहून येतानाही ती टमटममध्ये घोरतच आली होती.

बायजीची नात खेळत खेळत भिकीच्या पायाशी आली. बायजीने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "तिकडं बघू नको."

धरणात गाव बुडालं तेव्हा भिकीच्या लोकांना उधव्याजवळ आणून बसवलं. तिथल्या, बायजीच्याच गावाने त्यांना नाव दिलं, धरणवाले. पहिल्याच वर्षी कोणाची दोन वासरं मेली, कोणाचं मूल तापलं, आणि सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्या विधवेच्या, भिकीच्या दाराकडे वळल्या. तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. भिकी समोरून आली की बाया पोरं पदराआड घेत, एवढंच.

तलासरीच्या या दवाखान्यात मनाच्या डॉक्टर महिन्यातून एकदा येत. रुचिका मॅडम. सासूला मराठी येत नाही, असं सुषमाने पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून सासूचं दुखणं सुनेच्या तोंडून.

सिस्टरने हाक मारली. दोघी आत गेल्या.

"काय म्हणतात आजी?"

भिकी आपल्या बोलीत चार शब्द बोलली.

"झोप नाही म्हणते," सुषमा म्हणाली. "डोळा लागला की पाणी चुलीपर्यंत चढतं. मग उठते, भांडी उचलून वर ठेवत बसते. घास गिळत नाही. पोरगी रडली तरी जवळ घ्यावंसं वाटत नाही, म्हणते. आपण बाई आहोत का दगड, म्हणते."

"चार शब्दांत एवढं सगळं?"

"आमची बोली आखूड आहे, मॅडम."

मॅडम हसल्या. सुषमाही हसली. भिकी पंख्याकडे बघत होती.

"गोळ्या वेळेवर देतेस ना?"

"एकही चुकली नाही."

"आणि मिथुन? आईला घेऊन येतेस, त्यावर काही बोलतो?"

"नवरा काय बोलणार. आईचं वय झालं म्हणतो. दिवसभर चिकूच्या वाडीत असतो, येतो, जेवतो, झोपतो."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "आता नीट विचार त्यांना. जिवाचं काही करून घ्यावं, असं मनात येतं का?"

सुषमाने विचारलं. भिकीने सुनेच्या तोंडाकडे बघितलं. मग एकच शब्द बोलली.

सुषमा टेबलाच्या कडेवर नख घासू लागली.

"येतं म्हणते. परवा विहिरीच्या काठावर जाऊन बसली होती. पाय आत सोडून. पोरगी हाका मारत आली म्हणून उठली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "मग आता घरी ठेवून चालणार नाही. ठाण्याला भरती करू. आजच. गाडीचं मी बघते. मिथुनला निरोप दे, त्याला सोबत जावं लागेल."

"आणि मी?"

"तू घरी थांब, लेकीजवळ. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे."

"गोळ्या?"

"त्या तिथेच मिळतील. घरी आता लागणार नाहीत."

सुषमाचं नख थांबलं. दार अर्धवट उघडं होतं. त्या फटीत बायजीची साडी दिसत होती.

"जमेल ना एकटीला?" मॅडमनी विचारलं.

"जमेल," सुषमा म्हणाली. जरा जास्तच पटकन. "न्या तिला."

मॅडमनी फोन उचलला. भिकीने हात पुढे करून तो खाली दाबला, आणि सरळ मराठीत म्हणाली, "मला काय झालं नाय, बाई. गाव मला आधीच भुताळी म्हणतं, म्हणून हिनं दुखण्याला नाव माझं लावलं. विहिरीवर ही बसली होती."