रद्द झालेलं विमान

महिनाभर दिल्लीला मुलाकडे राहून गिरजाबाई एकट्याच पोंभुर्ण्याला परत निघाल्या, तर धुक्यानं नागपूरचं विमान रद्द झालं. कंपनीनं सगळ्यांना हॉटेलात नेऊन ठेवलं. जो तो काउंटरवरच्या पोरीवर तोंडसुख घेत होता.

गिरजाबाईंच्या खोलीत चंद्रपूरच्या जाहिदाबाईंची सोय झाली. त्यांनी डब्यातला पराठा पुढे केला आणि सहज विचारलं, "बाई, घरी कोन कोन हाय तुमच्या?"

असं कुणी विचारून किती दिवस झाले होते! दिल्लीत मुलगा-सून सकाळीच कामावर निघून जात, आणि गावच्या घरात मालक गेल्यापासून दुसरं माणूसच नव्हतं. गिरजाबाई बोलत राहिल्या, जाहिदाबाई ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही धुकं हटलं नाही, तेव्हा दोघींनी एकमेकींच्या केसांना तेल लावलं.

अखेर गिरजाबाई घरी पोचल्या. कुलूप काढून आत आल्या, तोच मुलाचा, प्रफुलचा फोन वाजला. "आई, लय हाल झाले ना तुझे? आता त्या कंपनीचं तिकीट जन्मात काढणार नाही मी!"



"नाई रे बाबू," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "पुढच्या खेपेलेही त्याच कंपनीचं काढजो."