पुलावरचा फासा

“किती पडलं?” डेनिसने विचारलं.

फासा टेबलाच्या कडेला, क्लाइव्हच्या पुढ्यात थांबला होता. सहा. खेळण्यातल्या लढाईतला पूल राखायला डेनिसला निदान चार हवे होते.

“दोन,” क्लाइव्ह म्हणाला.

डेनिसने मान फाशाकडे वळवली. “दोन? बरं. दोन तर दोन.” मग त्याने हात लांब करून पुलावरचे आपले निळ्या कोटातले सैनिक एकेक करून उचलले आणि खोक्यात ठेवले. चहाच्या खिडकीशी रांगेत उभी असलेली मंडळी टाळ्या वाजवत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा क्लबचा चषक क्लाइव्हकडे चालला होता.

नॉटिंगहॅममधल्या ज्या चर्चच्या हॉलमध्ये हा क्लब भरायचा, तिथे नियम थोडेच, पण कडक होते. न रंगवलेला सैनिक टेबलावर उतरवायचा नाही, हा एक. दुसरा नियम खास डेनिससाठी केलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला, तेव्हापासून फासा तो स्वतः टाकायचा आणि आकडा समोरच्याने वाचायचा. त्यावर पहारा ठेवावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. लुटुपुटीच्या लढाईत कोण कशाला खोटं बोलेल?

आणि तेही डेनिसशी? एके काळी बोटभर उंचीचे सैनिक रंगवावेत तर त्यानेच. ज्वारीच्या दाण्याएवढ्या तोंडावर तो एका केसाच्या कुंचल्याने बुबुळं काढायचा. क्लाइव्हची निम्मी फौज त्यानेच रंगवून दिलेली, एक पैसा न घेता.

क्लाइव्हने काही ठरवून केलं नव्हतं, शब्द तोंडातून निसटला. पण निसटायला कारण होतं. स्वयंपाकघराच्या फरशीसाठी ठेवलेल्या पैशांतून त्याने नवं घोडदळ घेतलं होतं आणि बायकोला, मॉरीनला, किंमत खऱ्याच्या पावपटच सांगितली होती. एवढं करून हात हलवत घरी जायचं, हे त्याच्या जिवावर आलं होतं.

आता चषक फ्रिजवर विराजमान झाला होता. मॉरीन तो रोज पुसायची आणि शेजारणींना दाखवायची. “निदान एकदा तरी खेळण्यांचं चीज झालं,” असं म्हणायची. खाई त्याला खवखवे. क्लाइव्हला घास गोड लागेना. फ्रिज उघडायचा म्हटलं तरी तो मान खाली घालून उघडायचा. लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगता येत नव्हती.

शेवटी एका रविवारी त्याने चषक पिशवीत घातला आणि बसने डेनिसचं घर गाठलं. सगळं सांगून टाकायचं आणि चषक तिथेच ठेवून यायचं, असं त्याने पक्कं केलं होतं. फार तर मैत्री तुटेल. पण ती तुटू नये, एवढंच तर त्याला हवं होतं.

डेनिसने दार उघडलं. चषकाच्या लढाईआधी, हिवाळ्यात तो तीन आठवडे मुलीकडे, हेझलकडे, खोकल्यासाठी राहून आला होता. तेव्हापासून तब्येत जरा सुधारली होती. घरात ताज्या रंगाचा वास होता. हेझलने खिडकी रंगवली असावी, असं क्लाइव्हला वाटलं. डेनिसने दोन कपांत चहा ओतला, थेंबही सांडला नाही. तीस वर्षांची एकच किटली, हाताला सवय असणारच.

क्लाइव्हने चषक पुढे ठेवला. डेनिसने त्यावरून बोटं फिरवली.

“माझं नाव किती वेळा आहे रे यावर?”

“सर्वांत जास्त.”

“आणि तुझं हे खाली. चांगलं खोल कोरलंय. लवकर बुजायचं नाही.”

क्लाइव्हने कप खाली ठेवला. “डेनिस, त्या दिवशी पुलावर…”

“हं?”

खिडकीतून ऊन येत होतं. डेनिसने डोळे बारीक करून चेहरा त्याच्याकडे वळवला आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली.

“तू फार छान खेळलास,” क्लाइव्ह म्हणाला.

“तूही,” डेनिस म्हणाला आणि उठला.

कपाटातून त्याने तंबाखूची जुनी डबी काढून क्लाइव्हच्या हातात ठेवली. “तुझ्यासाठी. हरलो-जिंकलो तरी त्याच दिवशी द्यायची होती, लेका. गंमत करायची होती. पण मग एक बारीकसं काम वाढलं. घरी जाऊन उघड.”

क्लाइव्हने चषक पुन्हा पिशवीत घातला. पुढच्या वेळी नक्की सांगू, अशी त्याने मनाची समजूत घातली.

घरापर्यंत मात्र त्याला धीर धरवला नाही. बस सुटली आणि त्याने डबी उघडली. कापसात एक सेनापती होता, नकाशाच्या टेबलावर वाकलेला. टक्कल, पांढरी मिशी, सुटलेलं पोट. क्लाइव्ह एकटाच हसला. हुबेहूब तोच होता. कुणाकडून बरं करून घेतलं असेल डेनिसने?

मग त्याला चष्मा दिसला. डाव्या काडीला चिकटपट्टी गुंडाळली होती. क्लाइव्हच्या स्वतःच्या चष्म्याची ती काडी तर यंदाच्या ईस्टरला, एप्रिलात मोडली होती, आणि त्याबद्दल तो डेनिसकडे चकार शब्द बोलला नव्हता. चष्म्यामागे बुबुळं होती, एका केसाने काढलेली. तशी काढणारा त्याच्या माहितीत एकच माणूस होता.

सेनापतीचं बोट टेबलावरच्या कशाकडे तरी रोखलेलं होतं. राईच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा. त्याच्यावरचा रंग बाकीच्या रंगाहून ताजा होता. क्लाइव्हने चष्मा काढला आणि तो सैनिक अगदी डोळ्याशी धरला.

फासा होता. वरच्या बाजूला काळे ठिपके होते, स्वच्छ, एकाला एक न चिकटलेले. सहा.